विसरभोळी नव्हे हो मी!

परवा बचत गटाच्या बैठकीत समोर बसलेल्या बाईचं नावच आठवेना. किती वर्षांपासून एकाच गटात आहोत, तिच्या लेकीच्या लग्नात मी पोळ्या लाटल्या, आणि हप्त्याच्या वहीवर पेन धरून मी नुसती तिच्याकडे पाहत राहिले. "काय वो ताई, ध्यान कुठं हाय तुमचं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. माझी आजी शेवटी शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हती. तेच माझ्या नशिबी आलं की काय?

वय ४७. पाळी दोन-दोन महिने लांबते, रात्री अंग घामाने भिजतं, झोपेचं तर विचारूच नका. वडनेरहून हिंगणघाटला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी आधी थायरॉईडसाठी रक्त तपासायला लावलं. हे हार्मोन कमी पडलं तरी विचार मंदावतो, विसरायला होतं; आणि रोजच्या गोळीने बहुतेकींना फरक पडतो. आपण मात्र 'वय झालं' म्हणून गप्प बसतो!

माझा रिपोर्ट चांगला निघाला. मग त्या म्हणाल्या, "ही पाळी जाण्याच्या काळातली गडबड."

आता पाळीचा अन् डोक्याचा काय संबंध? पण आहे, मैत्रिणींनो. इस्ट्रोजेन हे हार्मोन मेंदूतही काम करतं. १९९० साली अमेरिकेत कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकइवन यांना उंदरांच्या माद्यांमध्ये दिसलं, की आठवणी जिथे तयार होतात त्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींवर बारीक काटे असतात, त्यांतून पेशी एकमेकींचे निरोप घेतात. चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात हे काटे वाढतात आणि कमीही होतात!

आणि बायकांचं? २००९ साली तिथेच दोन हजारांहून जास्त बायकांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात. पाळी जाण्याच्या काळात ही वाढ मंदावली. पाळी पूर्ण थांबल्यावर ती परत आली. हे वाचून मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"मग हार्मोनच्या गोळ्या द्या," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "नुसत्या विसरण्यासाठी नाही." पासष्टीपुढच्या बायकांना अशा गोळ्या दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला २००३ साली दिसला होता.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. जी सगळ्यात मोठ्याने हसली होती, तीच निघताना हळूच म्हणाली, "ताई, ते रक्त तपासाले मलेबी न्या ना."