नोटीस निघाली, पण पोहोचली का?

सरकारी कचेऱ्यांत नोटिशीसाठी दोन इंग्रजी क्रियापदे चालतात: इश्यू करणे आणि सर्व्ह करणे. आपण म्हणतो, नोटीस काढली आणि नोटीस बजावली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर या दोहोंमधल्या अंतरात माणसाची जमीन जाऊ शकते. जावक क्रमांक पडला, एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटली, की कागदोपत्री काम पुरे होते आणि हरकतीची मुदत धावू लागते. नोटीस ज्याच्यासाठी आहे त्याला ती कळेपर्यंत ती दिलीच नाही असे धरावे, आणि ती कळली हे दाखवण्याचा भार कचेरीवर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदाही याच दिशेचा आहे. महाराष्ट्राच्या 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याखाली, ज्या जमिनींवर वन अधिनियमाच्या कलम 35(3) ची नोटीस निघालेली होती, त्या सरकारजमा धरल्या जात. विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइसच्या जमिनीवर शासनाने 1950 च्या दशकातल्या अशाच नोटिशीच्या आधारे हक्क सांगितला. 30 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नोटीस नुसती निघून भागत नाही, ती बजावली गेली पाहिजे आणि जमीनमालकाला म्हणणे मांडता आले पाहिजे. न्यायालयाने स्वतःचाच आधीचा, नोटीस निघणे पुरेसे मानणारा निर्णय इथे बाजूला सारला. मात्र हा न्याय मिळवायला दिल्लीपर्यंत वकील उभे करण्याची ऐपत लागली. ती वाडीवरच्या माणसाने कुठून आणायची?

2013 च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला 60 दिवस आहेत. अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत आणि स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीतही प्रसिद्ध करावी लागते. कागदावर यात काही खोट नाही. पण इथली कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. अधिसूचना पौषात निघाली, तर माणूस गारा तुडवत असतानाच ते 60 दिवस उलटून जातात. घराखालची जमीन बहुधा दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे सातबाऱ्यावरून निघालेल्या नोटिशीवर त्याचे नावही नसते. फलक गावठाणात, वाडी ओढ्यापलीकडे, आणि मजकूर शासकीय मराठीत. या प्रदेशाला खास संरक्षण नाही असेही नाही. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली 77 गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, लागू आहे, संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक आहे, आणि पेसाच्या 2014 च्या राज्य नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते. सभा भरल्याचे पाड्याला कळलेच नाही, तर हे सगळे संरक्षण इतिवृत्ताच्या वहीपुरतेच.

यावर पहिली हरकत अशी, की माणसे मुद्दाम नोटीस चुकवतील. काही चुकवतीलही, पण त्यावर तोड जुनीच आहे: घेण्यास नकार दिला तर पंचांसमोर दाराला चिकटवावी आणि पंचनामा करावा. चुकवणारा आणि भट्टीवर गेलेला यांना एकाच मापाने मोजू नये, एवढेच म्हणणे आहे. दुसरी हरकत मोबाइलची. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाकला म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्याने दरीतल्या वाडीवर रेंज आहे का आणि फोन घरातल्या कोणाच्या हाती असतो, हे आधी पाहावे. तिसरी हरकत वजनदार आहे, प्रकल्प लांबतील ही. मुरबाडच्या काळू धरणाकडे पाहा. वनविषयक परवानगी नसताना काम सुरू झाले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. वास्तविक, वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभांची संमती घ्यावी, असे केंद्राचे परिपत्रक ऑगस्ट 2009 पासूनच होते. विचारण्यात जे महिने जातात त्याहून जास्त वर्षे न विचारल्यामुळे जातात.

करायचे काम फार मोठे नाही. दवंडी गावठाणात न थांबता प्रत्येक पाड्यावर फिरावी, शक्यतो संध्याकाळी, माणसे घरी असताना, आणि कातकरी किंवा ठाकरी बोलीत. स्थलांतराच्या महिन्यांत निघालेल्या अधिसूचनेची मुदत लोक परतल्यावर मोजावी, किंवा नोटीस घेऊन तलाठ्याने भट्टीवर जावे. भट्ट्या कुठे आहेत हे महसूल खात्याला ठाऊक असते, मातीची रॉयल्टी तेच वसूल करते.