निवडुंगाचं बोंड लाल कशानं?

मालवणच्या किनाऱ्यानं हिंडताना वाळूच्या कडेला किंवा एखाद्या गडग्याला लागून फड्या निवडुंग दिसला, तर जरा थांबा. हात मागे आणि डोळे पुढे! ते जाड, हिरवे फड म्हणजे पानं नव्हेत बरं का, ते त्याचं खोड. पानांचे झालेत काटे. पिवळी फुलं येऊन गेली की फडाच्या कडेला जांभळट लाल बोंडं धरतात. मोठे काटे निदान दिसतात तरी. बोंडावरच्या केसासारख्या बारीक कुसांचे झुबके चटकन लक्षातही येत नाहीत. प्रत्येक कुसाला उलटे दाते असतात, त्यामुळे ते बोटात शिरतं सहज, पण निघता निघत नाही.

आता खरी गंमत. बोंड लाल, आपलं कोकमही लाल. पण दोघांचे रंग अगदी वेगळे! कोकमात असतं अँथोसायनिन. बोंडात असतं बीटालेन, म्हणजे बीटात असतं तेच. आणि ही दोन्ही रंगद्रव्यं निसर्गात एकाच झाडात कधीच एकत्र सापडत नाहीत.

घरी करून बघा. एका पेल्यात पाणी आणि थोडं कोकमाचं आगळ घ्या, दुसऱ्यात बीटाचा रस. दोन्हींत चिमूट चिमूट खायचा सोडा घाला. आगळ फसफसेल आणि फेस थांबता थांबता निळसर, काळपट होईल. बीट मात्र जवळजवळ तसंच राहील. (हे पाणी प्यायचं नाही हं!)

रंगाखेरीज निवडुंगात आणखीही रसायनं असतात. ती कशाला? झाडाला पळून जाता येत नाही. बुरशी आली, जिवाणू आले, तरी जागच्या जागीच लढायचं. म्हणून निवडुंग क्वर्सेटिन, कॅम्फेरॉल अशी रसायनं अंगातच तयार करतो. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवाणू वाढवतात आणि मध्ये निवडुंगाच्या अर्काचा थेंब ठेवतात. अर्कात दम असेल, तर थेंबाभोवती जिवाणू वाढतच नाहीत, स्वच्छ गोल कडं उमटतं. काही जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं. ते सहसा दाद देत नाहीत.

पूर्वी भाजलेलं बोंड डांग्या खोकल्यावर देत, फड गरम करून सुजेवर बांधत. पण बशीतलं कडं म्हणजे औषध नव्हे. तो अर्क माणसाला किती द्यायचा, त्यानं अपाय तर होत नाही ना, हे तपासायला खूप वर्षं लागतात.

आणि एवढी रसायनं असूनही एका चिमुकल्या किड्यापुढे निवडुंगाचं काही चालत नाही! हा निवडुंग मूळचा अमेरिकेचा. आपल्याकडे तो इतका माजला, की १९२६ साली त्याचा रस शोषणारा कोचिनील किडा श्रीलंकेहून मुद्दाम आणावा लागला.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग वेगळ्याच कुळातला. तो मोडला की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांना फार घातक असतो. चुकून डोळ्यात गेलाच, तर लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवा, घरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.