मोठा ठोका, संथ श्वास
हृदय आणि श्रम : लेखांक ६

हृदयाचे आरोग्य आणि शरीराची श्रमशक्ती वाढवण्याचा विचार निघाला की व्यायाम आणि श्वसन ही दोन साधने मराठी वाचकाच्या मनात बहुधा एकत्रच उभी राहतात, आणि पुष्कळदा त्यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघते असाही समज असतो. सकाळी अर्धा तास प्राणायाम झाला की हृदयाचा व्यायाम झाला, असे मानणारा मोठा वर्ग महाराष्ट्रात आहे. उलट नित्य धावणाऱ्याने श्वासाकडे वेगळे लक्ष देण्याचे कारण नाही, असे मानणारेही थोडे नाहीत. मागील लेखांकात हृदयाची रचना पाहून झाली असल्यामुळे आता ही दोन साधने त्या रचनेवर प्रत्यक्ष काय परिणाम करतात आणि एकाचे काम दुसऱ्याकडून का होत नाही, हे पाहता येईल.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ ठोके देते आणि प्रत्येक ठोक्यात डाव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून, साधारण ७० मिलिलीटर रक्त महाधमनीत ढकलते. या दोहोंचा गुणाकार केला म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर हा विश्रांतीतला रक्तपुरवठा मिळतो. श्रम वाढले की हा आकडा सामान्य तरुणात २० लिटरांच्या आसपास जातो, आणि दीर्घ पल्ल्याच्या जागतिक दर्जाच्या खेळाडूंमध्ये तो ३५ लिटरांपलीकडेही गेल्याचे मोजले गेले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग सरावाने वाढत नाही. तो मुख्यत्वे वयाने ठरतो आणि वयाबरोबर उतरत जातो. म्हणजे खेळाडू आणि बैठा माणूस यांच्यातला फरक ठोक्यांच्या संख्येत नसून ठोक्याच्या आकारात असतो. नियमित आणि दीर्घ श्रमाने शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, निलय अधिक सैल पडून अधिक भरते आणि भरलेले रक्त अधिक जोराने बाहेर टाकते, आणि म्हणूनच विश्रांतीत तेवढेच ५ लिटर रक्त पुरवायला त्याला कमी ठोके पुरतात. नाडी ७२ वरून ६० वर आली, तर ती गती कायम धरल्यास दिवसाला १७ हजारांहून अधिक ठोके वाचतात.

रक्त नुसते फिरून मात्र भागत नाही. त्यातला ऑक्सिजन स्नायूंनी उचलावा लागतो. अॅडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७० मध्ये मांडलेले सूत्र या ठिकाणी उपयोगी पडते. शरीर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन वापरते, तो हृदयाने पुरवलेले रक्त आणि धमनीतल्या व शिरेतल्या रक्तामधील ऑक्सिजनचा फरक यांच्या गुणाकाराइतका असतो. फुप्फुसातून निघालेल्या १०० मिलिलीटर रक्तात साधारण २० मिलिलीटर ऑक्सिजन असतो आणि विश्रांतीत तेच रक्त हृदयाकडे परतताना त्यात १५ मिलिलीटर शिल्लक राहतो, म्हणजे शरीर फक्त चौथा हिस्सा घेते. कठोर श्रमात मात्र स्नायू त्यातला तीन चतुर्थांश भाग काढून घेऊ शकतात. हा उपसा वाढवण्याचे कामही सरावच करतो, कारण सरावाने स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते. पूर्ण जोर लावल्यावर शरीर मिनिटाला जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकते, त्या आकड्यालाच धावपटूंच्या बोलण्यात ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात, आणि हृदय व स्नायू या दोघांच्या संयुक्त सामर्थ्याचे इतके नेमके माप दुसरे नाही.

याच सूत्रात आपल्याकडे फारसा न बोलला जाणारा एक मुद्दा दडलेला आहे. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन १०० मिलिलीटर रक्तात १५ ग्रॅम असेल तर ते सुमारे २० मिलिलीटर ऑक्सिजन उचलते. ते १० ग्रॅमवर आले तर उचल १३ मिलिलीटरांच्या घरात येते, आणि ही तूट कितीही खोल श्वास घेतला तरी भरून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना धाप लागणाऱ्या स्त्रीला ‘व्यायाम कर’ किंवा ‘प्राणायाम कर’ असे सांगण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासले गेले पाहिजे, आणि घरोघरी हे राहून जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

श्रम सोडल्याने हृदयाचे काय होते, याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील डॅलस येथे मिळाला. १९६६ मध्ये तेथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. बेंग्ट साल्टिन या स्वीडिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांची मोजमापे घेतली, तेव्हा त्यांचा कमाल ऑक्सिजन वापर चतुर्थांशाहून अधिक घसरला होता, आणि त्या घसरणीचे मुख्य कारण स्नायूंत नसून एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या घटीत होते. त्यानंतर सुमारे आठ आठवड्यांच्या कठोर सरावाने तो भरून निघालाच, शिवाय मूळ पातळीच्याही वर गेला. याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासण्यात आले आणि तेव्हा जे दिसले ते वृद्धत्वाविषयीच्या रूढ समजुतीला धक्का देणारे होते: तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, त्याहून अधिक हानी विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. सहा महिन्यांच्या बेताच्या सरावाने हे पन्नाशीतले गृहस्थ विशीतल्या आपल्या आरंभीच्या आकड्यापर्यंत परत पोहोचले. मात्र या वेळी सुधारणा हृदयाच्या पुरवठ्यात न होता स्नायूंच्या उपशात झाली होती. ज्या हानीसाठी आपण वयाला सहज जबाबदार धरतो, तिच्यातला बराच वाटा खुर्चीचा असतो.

मग उतारवयात हृदय स्वतः सुधारत नाही काय, या प्रश्नाचे उत्तरही डॅलसमध्येच शोधले गेले. वय आणि बैठेपणा यांनी निलयाची भिंत ताठर होते, ती सैल पडून नीट भरत नाही, आणि हृदयाच्या अकार्यक्षमतेचा एक मोठा प्रकार याच ताठरपणातून उद्भवतो. सत्तरीच्या आसपास सराव सुरू केलेल्या ज्येष्ठांमध्ये वर्षभरानंतरही हा ताठरपणा हटला नाही. परंतु बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या, निरोगी स्त्री-पुरुषांनी दोन वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस सराव केला, तेव्हा त्यांचा ताठरपणा स्पष्ट कमी झाला आणि कमाल ऑक्सिजन वापर १८ टक्क्यांनी वाढला. या प्रयोगाचा जो भाग आपल्याकडे आवर्जून सांगायला हवा तो असा की, तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटाला योगासने, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि स्नायूबळाचे व्यायाम आठवड्यातून तीन वेळा दिले होते, आणि त्या गटाच्या हृदयाच्या लवचिकतेत काही फरक पडला नाही. हा प्रयोग योगाची परीक्षा घेण्यासाठी केलेला नव्हता आणि योगाचे इतर लाभ त्याने खोटे ठरत नाहीत. परंतु धाप लागेल असे श्रम दीर्घकाळ केल्याशिवाय निलय बदलत नाही, एवढे त्याने निःसंशय दाखवले.

असे श्रम म्हणजे नेमके कोणते, हे सांगणे त्यामानाने सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटांचे जोरकस श्रम सुचवले. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही असा वेग, आणि जोरकस म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागेल असा वेग. डॅलसच्या २०१८ च्या प्रयोगातील सरावाचा बराच भाग मध्यम आणि हलका होता, एक सत्र लांबलचक होते, आणि त्यात भर म्हणून आठवड्यातून एकदा किंवा दोनदा चार-चार मिनिटांचे जोरकस तुकडे होते, ज्यांत नाडी कमाल गतीच्या ९५ टक्क्यांपर्यंत नेऊन मध्ये तीन मिनिटे सावकाश चालायचे असते. मुंबईत २००४ पासून भरणाऱ्या मॅरेथॉनने आणि तिच्यामागोमाग गावोगावी निघालेल्या स्पर्धांनी पळणाऱ्यांची संख्या वाढवली हे चांगलेच झाले, पण त्यांतले बहुसंख्य लोक रोज एकाच, धड संथ नाही आणि धड वेगवान नाही अशा गतीने पळतात; त्यांनी संथ दिवस खरोखर संथ ठेवला, तर वेगवान दिवसासाठी पायांत बळ उरेल.

आता श्वासाकडे वळता येते, आणि प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. निरोगी माणसाच्या धमनीतले हिमोग्लोबिन साधा श्वास घेतानाच ९७ ते ९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या घागरीत अधिक पाणी ओतण्याला अर्थ नसतो, त्याप्रमाणे जोरजोराने श्वास घेऊन रक्तात नाव घेण्याजोगा अधिक ऑक्सिजन जात नाही. त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा अधिक बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. पोहण्यापूर्वी असे जलद श्वास घेणे तर जिवावर बेतू शकते, कारण श्वास घ्यायला लावणारा इशारा मिळण्यापूर्वीच पाण्यात शुद्ध हरपते. श्वास किती वेळा घेतला यापेक्षा कसा घेतला याला महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलीटर हवा श्वासमार्गातच राहते आणि वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला ६ लिटर हवा २४ उथळ श्वासांत घेतली, तर वायुकोशांना २.४ लिटर मिळते. तीच १२ श्वासांत घेतली तर ४.२ लिटर, आणि सहा खोल श्वासांत घेतली तर ५.१ लिटर मिळते. श्वासपटल खाली ओढून, पोट पुढे येईल असा श्वास घेण्याचा लाभ हा असा काटकसरीचा आहे.

महाराष्ट्राने या विषयात नुसती श्रद्धा ठेवली नाही, मोजमापही केले, ही अभिमानाची बाब आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले, आणि उच्छ्वासातील वायूंची मोजणी करून प्राणायामाचे मोल अधिक ऑक्सिजन मिळण्यात नाही, ते चेतासंस्थेवरील परिणामात शोधले पाहिजे, असा निष्कर्ष काढला. शंभर वर्षांनंतरही पुष्कळ शिबिरांतून याच्या उलट सांगितले जाते. योगी इच्छेने हृदय थांबवतात, या दाव्याचीही तपासणी झाली. वेंगर, बागची आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळल्यावर मनगटाची नाडी लागेनाशी होते पण ईसीजीच्या आलेखावर हृदयाचे ठोके चालूच असतात, असे दिसले. छातीतला दाब वाढल्याने शिरांतून हृदयाकडे येणारे रक्त अडते आणि ठोका रिकामा जातो, एवढेच त्यामागचे कारण होते. उच्च रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाने दीर्घ कुंभक करू नये, किंवा वजन उचलताना श्वास कोंडू नये, असे सांगितले जाते ते याच दाबाच्या चढउतारामुळे.

श्वासाचा खरा हात हृदयाच्या नियमनावर असतो. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, ही नोंद कार्ल लुडविग याने १८४७ मध्येच केली होती. हृदयाला लगाम घालणारी व्हेगस ही चेता उच्छ्वासात अधिक जोर धरते, त्यामुळे उच्छ्वास लांबवला की लगामही अधिक वेळ ओढलेला राहतो. त्यातही मिनिटाला सहा श्वासांच्या लयीला विशेष स्थान आहे, कारण रक्तदाबात स्वाभाविकपणे सुमारे दहा सेकंदांची एक लाट असते आणि दहा सेकंदांचा श्वास तिच्याशी जुळतो. मग मानेतील धमन्यांमध्ये असलेली, दाब ओळखून हृदयाला सावरणारी यंत्रणा अधिक तत्परतेने काम करू लागते. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे’ हा मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो आणि ही यंत्रणा अधिक संवेदनशील होते. भाषा, देश आणि धर्म वेगळे असूनही दोन परंपरा एकाच लयीपाशी पोहोचल्या, हे विलक्षण आहे. अशा संथ श्वसनाच्या नियमित सरावाने रक्तदाब थोडासा उतरतो, पण तो औषधाची जागा घेत नाही. आणि या सरावात हृदयाला वाढीव रक्त ढकलावे लागत नसल्यामुळे निलय त्याने मोठे होत नाही.

म्हणून श्रमाच्या वेळी श्वासाला कसले बंधन घालू नये. कठोर श्रमात मिनिटाला १०० लिटरांहून अधिक हवा लागते, तेव्हा तोंड उघडावेच लागते. सराव संपल्यावर मात्र पाच सेकंद श्वास व पाच सेकंद उच्छ्वास अशी लय दहा मिनिटे ठेवावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी, किंवा ज्यांच्या घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला आहे त्यांनी जोरकस सरावापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि श्रमात छातीत दाटून आले, जबड्यात वा डाव्या हातात कळ गेली, तर ‘पित्त असेल’ असे म्हणून घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

पुढील लेखांकात प्रत्येकाच्या वयानुसार आणि क्षमतेनुसार बारा आठवड्यांचा क्रम कसा आखावा हे पाहायचे आहे आणि त्यासाठी वाचकाचा स्वतःचा एक आकडा हाताशी लागेल. येते सात दिवस सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि चहा घेण्यापूर्वी, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि ती तारखेसह वहीत लिहून ठेवावी.