पावसाळ्यातील अंगणवाडी व पालकांची अपेक्षा

गोव्यात जून ते सप्टेंबर मुलांचे खेळ छपराखालीच व्हावयाचे. लावणीस जाणाऱ्या मातेची अपेक्षा साधी असते : जमीन कोरडी असावी, विहिरीकडील दार बंद असावे, लक्ष ठेवणारे माणूस खोलीतच असावे. खेळणी कोणती, हे ती क्वचितच विचारते. काही पालकांना मात्र पाटी-पेन्सिलच हवी असते; परंतु मणी ओवताना वळलेल्या बोटांनाच पुढे अक्षर सोपे जाते, हे त्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

धाकट्याची सोय न झाल्यास थोरली बहीण शाळा सोडून घरी बसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती ही अडचण ओळखूनच. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या मुलांना प्रवेश मिळतो. मुलास पोहोचविताना कोरड्या कपड्यांचा एक जोड सोबत द्यावा.