उंट आणि देवमासा : सोमाली व इनुपियात समाजांच्या स्थितीचा तुलनात्मक वेध

आफ्रिका खंडाच्या पूर्व टोकाला, एडनचे आखात आणि हिंदी महासागर यांच्या काठी, सोमाली लोकांची भूमी आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला, अलास्कामध्ये, आर्क्टिक महासागराच्या काठी इनुपियात हे आदिवासी लोक राहतात. सोमाली भूमीत पाऊस हुकला की जनावरे मरतात. इनुपियातांच्या उत्कियाग्विक या मुख्य गावात हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. सोमालियाची लोकसंख्या दीड कोटीहून बरीच अधिक आहे, तर इनुपियातांची संख्या काही हजारांतच मोजावी लागते.

वरवर पाहता या दोन समाजांत तुलना करण्यासारखे काही नाही. तरीही दोघांसमोर एक समान प्रश्न उभा राहिला. निसर्गाच्या कठोर परिस्थितीत प्राण्यांच्या आधारे आणि नात्यागोत्याच्या बळावर जगणारा समाज विसाव्या शतकातील राज्यव्यवस्था आणि बाजारपेठ यांना सामोरा जातो, तेव्हा त्याचे पुढे काय होते? या प्रश्नाची दोन ठिकाणची उत्तरे अगदी भिन्न आहेत. त्या भिन्नतेचे कारण हवामानात किंवा लोकांच्या स्वभावात सापडत नाही. ते शोधण्यासाठी गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

वाटून खाण्याची रीत

सोमाली जीवनाचा कणा पशुपालन हा आहे. उंट, शेळ्या व मेंढ्यांचे कळप घेऊन पशुपालक पावसामागे फिरतात. एप्रिल ते जून हा ‘गु’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘दैर’ असे पावसाचे दोन हंगाम आहेत. दुष्काळात एखाद्याचा कळप नष्ट झाला, तर नातेवाइकांनी त्याला जनावरे द्यावीत, असा संकेत आहे. कुळाच्या सदस्याच्या हातून मनुष्यवध झाला, तर त्याची भरपाई संपूर्ण गट मिळून देतो. जुन्या हिशेबानुसार पुरुषाच्या मृत्यूची भरपाई शंभर उंट मानली जाते. ‘हेर’ या नावाने ओळखला जाणारा हा अलिखित कायदा वडीलधाऱ्यांच्या बैठकींतून चालतो.

इनुपियात किनाऱ्यावर हेच स्थान बोहेड जातीच्या देवमाशाला आहे. वसंत ऋतूत गोठलेल्या समुद्राच्या कडेला तळ ठोकून, सीलच्या कातड्याने मढवलेल्या होड्यांतून शिकार केली जाते. होडीच्या प्रमुखाला ‘उमिअलिक’ म्हणतात. एक मोठा देवमासा कित्येक टन मांस देतो आणि त्याचे वाटप कोणाला किती, हे रूढीने ठरलेले असते. जून महिन्यात ‘नालुकाताक’ या उत्सवात यशस्वी उमिअलिक सर्व गावाला मांस वाटतो. किती साठवले यापेक्षा किती वाटले यावरून प्रतिष्ठा ठरण्याची ही रीत सोमाली पशुपालकालाही अनोळखी वाटणार नाही.

तेल, जमीन आणि कर

अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरना विकत घेतला. तेथील मूळ रहिवाशांना त्या व्यवहारात कोणी विचारले नव्हते. पुढील शंभर वर्षे जमिनीवरील त्यांच्या हक्काचा प्रश्न लोंबकळत राहिला. १९६८ साली प्रुढो बे येथे प्रचंड तेलसाठा सापडला आणि चित्र बदलले. तेल दक्षिणेकडील बंदरात नेण्यासाठी सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची वाहिनी टाकायची होती आणि त्यासाठी जमिनीच्या मालकीचा निकाल लागणे आवश्यक होते.

डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अलास्कातील मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीचा कायदा संमत केला. त्यांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. उर्वरित भूमीवरील त्यांचे सर्व दावे मात्र कायमचे संपुष्टात आले. जमीन जमातींच्या नावे न करता नव्याने स्थापन झालेल्या कंपन्यांच्या नावे करण्यात आली आणि लोक त्या कंपन्यांचे भागधारक झाले. एका प्रादेशिक कंपनीला खनिज व लाकूड यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा सर्व प्रादेशिक कंपन्यांत वाटला जावा, अशी तरतूदही कायद्यात होती.

उत्तर किनाऱ्यावरील इनुपियात नेते या तडजोडीवर समाधानी नव्हते. त्यांनी दुसरा मार्ग शोधला. १९७२ साली त्यांनी ‘नॉर्थ स्लोप बरो’ ही स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन केली. एबेन हॉपसन हे तिचे पहिले महापौर झाले. तेलक्षेत्र या संस्थेच्या हद्दीत येत असल्याने तेथील यंत्रसामग्री व मालमत्ता यांवर कर बसविण्याचा अधिकार तिला मिळाला. तेल कंपन्यांनी या संस्थेच्या स्थापनेला न्यायालयात आव्हान दिले, परंतु त्यांना यश आले नाही.

या करातून गावोगावी शाळा, दवाखाने, वीज आणि पाण्याच्या सोयी उभ्या राहिल्या. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना शेकडो किलोमीटर दूरच्या वसतिशाळांत पाठविण्याची सक्ती संपली. संस्था स्वतःच परिसरातील एक प्रमुख रोजगारदाती बनली.

राज्य उभे राहिले आणि कोसळले

त्याच काळात सोमालियातही मोठ्या आशा होत्या. १ जुलै १९६० रोजी पूर्वीचा ब्रिटिश व इटालियन भाग एकत्र येऊन स्वतंत्र राष्ट्र जन्माला आले. इथिओपिया, केनिया आणि आजचा जिबूती येथील सोमाली मात्र सीमेपलीकडे राहिले. १९६९ साली जनरल सियाद बारे यांनी लष्करी बंडाने सत्ता घेतली. १९७२ साली, म्हणजे नॉर्थ स्लोप बरोची स्थापना झाली त्याच वर्षी, सोमाली भाषेसाठी लॅटिन लिपी अधिकृतपणे स्वीकारण्यात आली. त्यानंतर ग्रामीण साक्षरतेची मोठी मोहीम राबविण्यात आली.

१९७७ च्या जून महिन्यात अलास्काच्या वाहिनीतून तेल वाहू लागले. पुढच्याच महिन्यात सोमाली सैन्य इथिओपियाच्या ओगादेन प्रदेशात शिरले. या युद्धातील पराभवानंतर निर्वासितांचे लोंढे, वाढते कर्ज आणि कुळाकुळांतील वैर यांनी देश पोखरला. १९८८ साली सरकारच्या सैन्याने आपल्याच देशातील हर्गेसा शहरावर बॉम्बफेक केली. जानेवारी १९९१ मध्ये बारे यांची सत्ता कोसळली आणि तिच्याबरोबर राज्ययंत्रणाही नाहीशी झाली. १९९२ च्या दुष्काळानंतर संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप केला. १९९३-९४ मध्ये भारतीय लष्कराची एक ब्रिगेडही या शांतिसेनेत सोमालियात कार्यरत होती.

दोन बंदी, दोन परिणाम

राज्यसंस्था असणे आणि नसणे यांतील अंतर दोन घटनांवरून स्पष्ट होते.

१९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने बोहेड देवमाशांची संख्या धोकादायकरीत्या घटल्याचे सांगून अलास्कातील पारंपरिक शिकारीवर बंदी घातली. देवमासे बर्फाखालूनही प्रवास करतात, त्यामुळे तुमची मोजणी अपुरी आहे, असे इनुपियात शिकाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांनी स्वतःचा शिकारी आयोग स्थापन केला. बरोने तेलावरील कराच्या पैशातून शास्त्रज्ञ नेमले. पाण्याखालील ध्वनिग्राहकांच्या साहाय्याने गणना झाली, तेव्हा देवमाशांची संख्या पूर्वीच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाली. बंदीच्या जागी आधी छोटा आणि पुढे पुरेसा वार्षिक कोटा आला. ही शिकार आजही सुरू आहे.

सोमाली पशुपालकांवरही असाच आघात झाला. हज यात्रेच्या काळात सौदी अरेबियात मेंढ्या-बकऱ्यांना मोठी मागणी असते आणि बर्बेरा बंदरातून होणारी ही निर्यात लाखो कुटुंबांचे रोख उत्पन्न आहे. ‘रिफ्ट व्हॅली ताप’ या पशुरोगाच्या भीतीने सौदी अरेबियाने १९९८ साली आणि पुन्हा २००० साली आयात बंद केली. दुसरी बंदी २००९ पर्यंत टिकली. आपली जनावरे निरोगी आहेत, हे पटवून देण्यासाठी जगाने मान्य केलेली पशुवैद्यकीय यंत्रणा सोमालींकडे नव्हती. पशुपालकांचे अनुभवजन्य ज्ञान इनुपियात शिकाऱ्यांइतकेच सखोल होते. त्या ज्ञानाला प्रमाणपत्राचे रूप देणारे कार्यालय मात्र नव्हते.

सरकारविना चाललेला व्यवहार

राज्य नसतानाही सोमाली समाज स्वस्थ बसला नाही. परदेशांत गेलेले सोमाली हवाला पेढ्यांमार्फत घरी पैसे पाठवू लागले. २०१५ च्या सुमारास ही रक्कम वर्षाला १ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचा जागतिक बँकेचा अंदाज होता. अनेक कुटुंबांचा किराणा, औषधे आणि शाळेची फी यातूनच भागते. खासगी दूरध्वनी कंपन्या वाढल्या. मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत इतकी रुळली की बहुसंख्य प्रौढ नागरिक ती वापरतात. चलनी नोटांवर विश्वास नसलेल्या देशात हा व्यवहार विश्वासावर चालतो आणि त्यामागे कुळाची जुनी जामिनकी उभी आहे.

मात्र या व्यवस्थेच्या मर्यादाही गंभीर आहेत. ज्याचा नातेवाईक परदेशात नाही, त्याला हा आधार मिळत नाही. २००१ साली अमेरिकेतील दहशतवादी हल्ल्यांनंतर अल-बरकात ही मोठी हवाला पेढी बंद करण्यात आली, तेव्हा असंख्य घरांचा खर्च एका रात्रीत थांबला. लसीकरण, रस्ते, न्यायालये, मुलींच्या शाळा यांची उभारणी फक्त खासगी पैशावर होत नाही. मातामृत्यूंचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. २०१० ते २०१२ या काळातील दुष्काळात सुमारे २ लाख ६० हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील बालके होती. अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यातील भागांत मदत पोहोचू न शकल्याने मृतांची संख्या वाढली.

२०१२ मध्ये संघराज्य सरकार स्थापन झाले. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी सोमालियाला सुमारे ४.५ अब्ज डॉलरची कर्जमाफी दिली. तरीही सरकारचे करउत्पन्न तुटपुंजे आहे आणि अल-शबाबही व्यापाऱ्यांकडून स्वतंत्रपणे कर वसूल करते.

पैशाने न सुटलेले प्रश्न

यावरून इनुपियात सुखी आणि सोमाली दुःखी असा सरळ निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अलास्काच्या मूळ रहिवाशांत, विशेषतः तरुणांत, आत्महत्यांचे प्रमाण अमेरिकेच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. दारूचा प्रश्न इतका तीव्र होता की अनेक गावांनी मतदानाने दारूबंदी स्वीकारली. वसतिशाळांत मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. परिणामी इनुपियाक भाषा अस्खलित बोलणारे आज प्रामुख्याने वयोवृद्ध आहेत. सोमाली भाषा मात्र यादवी युद्धातही कोट्यवधींच्या घरात आणि बाजारात ठणठणीत राहिली.

उत्तर किनाऱ्यावरील गावे उर्वरित अलास्काशी बारमाही रस्त्याने जोडलेली नाहीत. सामान विमानाने किंवा उन्हाळ्यात मालवाहू नौकांनी येते. त्यामुळे दूध, भाजी, इंधन यांचे भाव शहरांपेक्षा फार चढे असतात. पगाराचा आकडा मोठा दिसला तरी त्याची खरेदीशक्ती तेवढी नसते. म्हणूनच शिकार हा छंद न राहता घराच्या अन्नाचा भाग आहे. देवमाशाचे वाटलेले मांस किंवा उंटाचे घरी प्यायलेले दूध दरडोई उत्पन्नाच्या रूढ आकड्यांत क्वचितच पुरेपूर उतरते. त्यामुळे अशा समाजांविषयीची आकडेवारी सावधपणे वाचावी लागते.

तेलाने समाजात दुहीही आणली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने ‘विलो’ या नव्या तेल प्रकल्पाला मंजुरी दिली. प्रादेशिक कंपनी व बरो यांनी त्याचे समर्थन केले. प्रकल्पाला सर्वांत जवळ असलेल्या नुइक्सुत गावाच्या तत्कालीन महापौरांनी मात्र रेनडियरवर्गीय कॅरिबू प्राण्यांच्या शिकारीवर आणि लोकांच्या आरोग्यावर परिणाम होईल, असे सांगत विरोध केला.

एकच संकट, दोन टोके

हवामानबदलाच्या बाबतीत दोन्ही समाज पुन्हा एका रेषेत येतात. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे. समुद्रावरील बर्फ पातळ झाल्याने शिकार धोक्याची झाली आहे आणि मांस साठविण्याची जमिनीखालील तळघरे वितळत्या मातीमुळे निकामी होत आहेत. किव्हालिना गावाची जमीन समुद्र गिळत आहे. या गावाने २००८ साली तेल कंपन्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला, पण न्यायालयांनी तो फेटाळला. सोमालियात २०२० च्या अखेरीपासून पावसाचे सलग पाच हंगाम हुकले. त्यानंतर २०२३ च्या शेवटी महापूर आले.

संकट आल्यावर किव्हालिनाचे लोक न्यायालयात जाऊ शकतात, स्थलांतरासाठी सरकारकडे निधी मागू शकतात. सोमाली पशुपालकाला विस्थापितांच्या छावणीचा रस्ता धरावा लागतो. या दोन वाटांमधील अंतर गेल्या साठ वर्षांत निर्माण झाले आहे. जमिनीवरील कायदेशीर हक्क, कर लावण्याचा अधिकार आणि आपले म्हणणे सिद्ध करणारी संस्था या तीन गोष्टी इनुपियातांना मिळाल्या. सोमालींच्या हातून त्या निसटल्या. सोमालींनी जपलेली भाषा आणि दूरदेशीही न तुटलेले नाते या गोष्टी इनुपियात आता स्वतःच्या शाळांतून व महाविद्यालयातून पुन्हा मिळवू पाहत आहेत. विकासाचे माप घेताना या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या, तरच कोणत्याही समाजाचे खरे चित्र हाती येते.