नाकाचे माप आणि बडोद्याची सराई

त्वचेच्या रंगावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड जगात जुनीच. तिला शास्त्राचा मुलामा चढला तो एकोणिसाव्या शतकात, आणि हिंदुस्थानात हे काम सर्वांत हिरिरीने केले ते १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की जो आकडा येतो, त्याला नासिकांक म्हणतात. जातीचा दर्जा जितका वरचा तितका हा आकडा लहान, म्हणजे नाक तितके निमुळते, असा रिस्ले यांचा दावा होता. गोऱ्या आर्यांनी काळ्यासावळ्या मूळ रहिवाशांना जिंकले आणि त्या वंशभेदातून जाती निपजल्या, ही त्यामागची धारणा होती.

या धारणेला ज्यांनी लवकर आव्हान दिले, त्यांत बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकणारा एक तरुण होता. सयाजीराव गायकवाडांच्या मदतीने भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीत आहे, असे त्यात प्रतिपादन होते. युरोपीय अभ्यासकांच्या मनात वर्णद्वेष मुरलेला असल्यामुळे जातिव्यवस्थेतही त्यांना रंगच मुख्य दिसतो, असे त्यांनी स्पष्ट मांडले. ज्या अमेरिकेत त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी दक्षिणेकडच्या राज्यांत रेल्वेचे डबे आणि शाळाही वेगळ्या होत्या, तेथे बसून पंचविशीच्या विद्यार्थ्याने हे म्हणावे, हे धैर्याचेच मानले पाहिजे.

पुढच्याच वर्षी बडोद्याने या म्हणण्याचा पुरावा दिला, आणि तो फार क्रूर होता. शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर तेथे आले. हिंदूंच्या खाणावळीत अस्पृश्याला थारा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी पारशी सराई गाठली. ते पारशी नाहीत हे रखवालदाराने ओळखले, परंतु त्वचेवरून नव्हे. अंगरख्याखाली पारशी धर्माची खूण असलेले सदरा आणि कुस्ती (कमरेचा धागा) दिसले नाहीत, त्यावरून. मग दिवसाला दीड रुपया ठरला, नोंदवहीत पारशी नाव लिहिले गेले आणि अडगळीने भरलेल्या, वटवाघळांच्या वस्तीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. ज्या दोन मित्रांकडे आसरा मागितला, त्यांपैकी एक हिंदू होता आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळी कारणे सांगून असमर्थता दाखवली. मुंबईची गाडी रात्रीची होती, त्यामुळे मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत, म्हणजेच सयाजीबागेत काढला. या साऱ्या प्रकरणात त्यांच्या रंगाची चौकशी कोणीच केली नाही. जन्म कोणत्या घरी झाला एवढे कळणे पुरेसे ठरले.

रिस्ले यांची मापे पुढे मराठी अभ्यासकांनीच तपासली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले की आजच्या उत्तर प्रदेशाबाहेर जातीची उतरंड आणि नाकाचे माप यांचा मेळ बसत नाही. अशाच मापांच्या आधारे आंबेडकरांनी १९४८ मध्ये ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचा निष्कर्ष मांडला.

रंगाचा जाच म्हणून खोटा ठरत नाही, आणि तो सर्वाधिक मुलींच्या वाट्याला येतो. ‘स्वजातीय, गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ ही जाहिरातीची भाषा बडोद्यातल्या मराठी घरांनाही अनोळखी नाही. तिच्यात रिस्ले यांचे खंडन आयतेच मिळते: जात म्हणजेच रंग असता, तर स्वजातीयांमधून गोरी निवडण्याची गरजच पडली नसती. मेलॅनिन या रंगद्रव्याचे प्रमाण अनेक जनुकांवर अवलंबून असते, त्यामुळे एकाच आईची दोन लेकरे गोरी-सावळी निघतात, आणि त्यांतल्या सावळीला लहानपणापासून हळदीचे आणि बेसनाचे लेप लावले जातात. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाने २०२० मध्ये आपल्या नावातला गोरेपणा वगळला. त्याच वर्षी शादी डॉट कॉम या संकेतस्थळाने त्वचेच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. विवाहजुळणीच्या संकेतस्थळांवर जातीचा रकाना मात्र अजून भरावा लागतो.