थळच्या समोरची दोन बेटे

सुट्टीत बेटावर जाऊन राहावे असे म्हटले की हल्ली पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अंदमान किंवा मालदीव उभे राहते. निळे पाणी, पांढरी वाळू आणि खुर्ची टाकून निवांत पडावयाचे. त्यात वाईट काही नाही. पण अलिबागच्या उत्तरेला चार-पाच मैलांवर थळ नावाचे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर समोर दोन बेटे दिसतात. जवळचे ते उंदेरी, त्याच्या पलीकडे, दीपगृहाचे, ते खांदेरी. इथे खुर्ची नाही, खानावळ नाही. एका सकाळची सहल, एवढेच. पण तेवढ्यात जे पाहावयास मिळते ते फार थोड्या बेटांवर मिळेल.

खांदेरीला जाणारे बहुतेक लोक उंदेरीकडे पाठ करून बसतात. २०२५ साली जागतिक वारसा म्हणून मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्यात खांदेरी आहे, उंदेरी नाही. त्यामुळे ही पाठ आणखीच फिरेल असे वाटते. माझे म्हणणे उलट आहे. ही दोन बेटे जोडीनेच पाहावीत. एक कळल्यावाचून दुसरे कळत नाही.

शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात खांदेरीवर माणसे उतरवून तट बांधावयास घेतला. मुंबईच्या बंदरात शिरणारे प्रत्येक गलबत इथून दिसते. इंग्रजांना ते खपले नाही. त्यांनी आपली जहाजे आणून बेटाभोवती पहारा मांडला. आता मोठे जहाज म्हणजे मोठी तोफ, हे खरे. पण त्याला पाणीही खोल लागते आणि वाराही लागतो. मराठ्यांचे मचवे उथळ बुडाचे, वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की जहाज जागच्या जागी डुलत राही, आणि मचवे रात्रीच्या अंधारात रसद घेऊन त्याच्या बगलेतून निघून जात. ऑक्टोबरात मोठी लढाई झाली, तीत इंग्रजांचे एक गुराब मराठ्यांच्या हाती लागले. मग जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावले आणि तिथे तोफा चढविल्या. म्हणजे एकाच गावासमोर दोन शत्रू, दोन बेटांवर! खांदेरीच्या तटावर उभे राहून उंदेरीकडे नजर टाकली की सिद्दीने तोच खडक का निवडला ते न सांगता समजते. किनारा आणि खांदेरी यांच्या मधोमध तो बसला होता.

खांदेरीवर दोन टेकड्या आहेत. दीपगृह १८६७ सालचे. तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसविलेल्या तोफा आहेत, त्या चुकवू नयेत. गाड्यासकट तोफ सहसा पाहावयास मिळत नाही. एक मोठा दगड आहे, त्यावर लहान दगडाने टिचकी मारली तर भांड्यासारखा वाजतो. मुलांना तेवढे एक पुरे होते! आणि वेताळाचे देऊळ. कोळी बांधवांचा हा मोठा श्रद्धेचा देव. तिथे पादत्राणे बाहेर काढून आत जावे, आणि फोटो घ्यावयाचा तर आधी विचारावे. तटाबाहेर लाटा फोडण्यासाठी टाकलेल्या दगडांवर कालवे चिकटलेली असतात, त्यांच्या धारेने पाय चांगलाच कापतो. अनवाणी उतरू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, म्हणून उंदेरीलाही जाता येईल असे कोणी समजू नये. तिथे होडीच लागते. उंदेरीला धक्का नाही, सभोवार खडक आहेत. तेव्हा उतरावयाचे की नुसती फेरी मारावयाची हे नाखव्याने ठरवावे. तो नको म्हणाला तर हुज्जत घालू नये आणि पैसे वाढवून तर मुळीच विचारू नये.

निघण्याचा दिवसही पंचांग पाहून धरावा. किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जितके येतील तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला, दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. दशमी-एकादशीला सकाळी साडेसात-आठला भरती असते, उधाणही नसते. त्या पाण्यावर निघावे, आणि पाणी पार ओसरण्याआधी, बारा-साडेबाराच्या आत, परत थळला यावे. दुपारी खारा वारा सुटला की लहान होडीत बसलेल्यांची पंचाईत होते.

पावसाळ्याचे चार महिने हा विचारच सोडावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बरोबर पिण्याचे पाणी, टोपी आणि डबा घ्यावा, माणशी एक तरंगजाकीट आहे की नाही ते होडीत पाय ठेवण्यापूर्वी पाहावे. परतल्यावर भूक लागलेली असेल; थळच्या कोळीवाड्यात त्या दिवशी कोणती मासळी आली आहे ते विचारा.